ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ की थांबू? थांबायचं असेल तर कशासाठी, ते आधी ठरव

प्रश्न: दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पीसी २०२० सालचा: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० आणि १०८०पी मॉनिटर. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दुकानदाराने दिलेला ‘४५० वॉट’चा आहे, कंपनी माहीत नाही. गेम जास्त, ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) अधूनमधून. नवीन गेम सगळं लो वर ठेवूनही अडकत अडकत चालतात. सगळं मिळून बजेट ४० हजार. मित्र म्हणतात, नवी सिरीज येईल, भाव पडतील, थांब. दुकानदार म्हणतो, आजच घे, पुढच्या महिन्यात महाग होईल. काय करू?

उत्तर:

तू घे. येत्या दोन-तीन आठवड्यांत घे, एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं कार्ड घे, आणि कार्डाच्या आधी एसएमपीएस बदल. तुझ्यापुरतं उत्तर एवढंच. पण हेच उत्तर तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाला लागू पडेलच असं नाही, म्हणून इथपर्यंत कसा आलो ते नीट लिहितो.

मी बरीच वर्षं पीसी असेंबल करून देतो. ‘थांबू का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो आणि मी उलट एवढंच विचारतो: कशासाठी थांबायचंय, आणि कधीपर्यंत? ‘अमुक कार्ड अमुक तारखेला बाजारात येतंय’ असं उत्तर असेल तर थांबण्यात अर्थ आहे. ‘दोन महिन्यांनी आणखी पाच हजार हातात येतील’ असं असेल तरी आहे. पण ‘भाव पडतील असं सगळे म्हणतात’ एवढंच असेल, तर तो मुलगा सहा महिन्यांनी तोच प्रश्न घेऊन परत येतो. मधले सहा महिने त्याने जुन्या कार्डावर रेटलेले असतात आणि बजेट तेवढंच राहिलेलं असतं.

भाव कधी पडतच नाहीत असं नाही. २०२१ आठव. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० त्या वर्षी फेब्रुवारीत ३२९ डॉलरच्या जाहीर किमतीला बाजारात आलं, आणि आपल्याकडे त्यासाठी पन्नास-साठ हजार मोजूनही ओळख काढावी लागायची. एकीकडे करोनाकाळातला चिपचा तुटवडा, दुसरीकडे इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून ते क्रिप्टो नाणं कमावणं. २०२२ मध्ये क्रिप्टोचे भाव घसरले, तसे कार्डांचेही उतरायला लागले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने व्यवहार पक्के करण्याची पद्धतच बदलली आणि त्या नाण्यासाठी ग्राफिक्स कार्डांचा उपयोग संपला. मायनिंगला जुंपलेली कार्डं ढिगाने सेकंडहँड बाजारात आली. २०२१ मध्ये जे थांबले त्यांचा खरोखर फायदा झाला.

आता २०२३ बघ. ३०६० टीआय घ्यायचं सोडून काही जण ४०६० टीआयची वाट बघत बसले. मे २०२३ मध्ये ते आलं, त्याच ३९९ डॉलरला. वेग जेमतेम वाढलेला, मेमरी तेवढीच ८ जीबी. पुढच्या महिन्यात ४०६० आलं, त्यात तर ३०६० ची १२ जीबी मेमरी ८ वर आणली होती. म्हणजे भाव कशामुळे चढलाय आणि ते कारण कधी संपणार आहे, हे कळल्याशिवाय थांबण्याचा हिशोब मांडताच येत नाही.

सध्या भाव चढण्याचं कारण मेमरी आहे. कार्डावरच्या जीडीडीआर मेमरीच्या चिप मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरीसुद्धा याच तिघी बनवतात, आणि तिच्यात नफा कितीतरी जास्त. साहजिकच कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत साध्या रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशिअल हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डाच्या खर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो. त्यातही १६ जीबीच्या स्वस्त कार्डात तो जास्तच, त्यामुळे झळ पहिल्यांदा त्यालाच बसते.

मायनिंगसारखं हे एका तारखेला संपणारं नाही. मेमरीचा नवा कारखाना उभा राहून चालू व्हायला वर्षं लागतात. शिवाय एनव्हिडियाचा ताळेबंद बघितला की आपण त्यांच्या रांगेत कुठे उभे आहोत ते कळतं. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात त्यांची विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर होती. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे आणि गेमिंगचे ११ अब्जांच्या आसपास. मेमरी कमी पडली की ती आधी कुणाला मिळणार, हे यावरून उघड आहे.

दुसरी गोष्ट रुपयाची. परदेशी लेख वाचून थांबायचं ठरवणारे ही हमखास विसरतात. आपल्याकडच्या भावाचा अंदाज घ्यायला मी एक साधा हिशोब करतो: डॉलरमधली जाहीर किंमत गुणिले डॉलरचा दर, त्यावर १८ टक्के जीएसटी. जून २०२३ मध्ये ४०६० हे २९९ डॉलरला आलं तेव्हा डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता. हिशोब होतो २८,९३१ रुपये. मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० ची जाहीर किंमतही २९९ डॉलरच. पण डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या वर गेला. ९० ने धरलं तर तेच २९९ डॉलर होतात ३१,७५४ रुपये. कंपनीने एक सेंटही न वाढवता आपल्या खिशातून २,८०० रुपये जास्त गेले. या किमतीच्या कार्डाला डॉलरमागे एक रुपया वाढला की साधारण साडेतीनशे रुपये वाढतात.

हा हिशोब भाव तपासायलाही कामाला येतो. दुकानात सांगितलेला भाव या आकड्याच्या पाच-सात टक्के वर असेल तर मी तो रास्त धरतो, कारण वाहतूक, वितरक आणि दुकानदार यांचंही त्यात काही असतं. पंधरा-वीस टक्के वर असेल तर त्या दुकानात, किंवा त्या आठवड्यात, घेऊ नये. ९०६० एक्सटी १६ जीबीची जाहीर किंमत ३४९ डॉलर, म्हणजे ९० च्या दराने ३७,०६४ रुपये. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता मित्रांच्या ‘नवी सिरीज येईल’बद्दल. येईलच. एनव्हिडियाच्या पिढ्या साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येतात: २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ ची जानेवारी. पण आधी येतं ते महागातलं. ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये आलं, ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये, ४०६० जून २०२३ च्या अखेरीस. ५०९० जानेवारी २०२५ मध्ये, ५०६० मे महिन्यात. म्हणजे ‘सिरीज आली’ अशी बातमी आल्यावरही तीस-चाळीस हजारवाल्याला चार ते आठ महिने थांबावं लागतं, आणि पहिले काही आठवडे भाव जाहीर किमतीच्या वरच असतात. जुन्या पिढीचा माल तेव्हा स्वस्तात मिळेल असंही धरून चालू नको. नवी पिढी जवळ आली की कंपन्या जुन्याचं उत्पादन आधीच आटोपतात. २०२४ च्या शेवटी ४० सिरीजच्या वरच्या कार्डांचा माल संपत आला आणि ती स्वस्त व्हायच्या ऐवजी महागली.

म्हणून माझा नियम असा: ज्या किमतीचं कार्ड तुला घ्यायचंय, त्याच किमतीच्या नव्या कार्डाची तारीख आणि भाव कंपनीने स्वतः जाहीर केला असेल आणि ती तारीख दोन महिन्यांच्या आत असेल, तर थांब. बाकी फुटलेल्या बातम्या, अंदाज, व्हिडिओ हे वाचायला हरकत नाही, पण त्यांच्यावर खरेदी अडवून ठेवू नको. जीटीए ६ साठी आत्ताच कार्ड घेऊन ठेवू का, असं विचारणारेही खूप आहेत. तो गेम आत्तापर्यंत फक्त कन्सोलसाठी जाहीर झालाय. आधीचा, म्हणजे जीटीए ५, कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. जो गेम पीसीवर येणार असं कंपनीने अजून म्हटलेलंच नाही, त्याच्यासाठी कार्ड घेणं किंवा न घेणं, दोन्ही चूक.

आता तुझ्या पीसीकडे वळू. आधी खात्री कर की कार्डच अडतंय. जो गेम अडकतो तो चालू कर आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) उघड. खाली ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ दिसते. ती ४ जीबीला जाऊन टेकली असेल आणि शेजारची ‘शेअर्ड’ मेमरी वाढत असेल, तर कार्डात न मावणारा डेटा तुझ्या साध्या रॅममध्ये चाललाय. अडकत अडकत चालण्याचं हे नेहमीचं कारण. मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आण. फ्रेम चांगल्या वाढल्या तर दोष कार्डाचा. जेमतेम वाढल्या तर प्रोसेसर कमी पडतोय, आणि तीस-चाळीस हजारांचं कार्ड लावूनही त्या गेममध्ये फरक पडणार नाही. तुझ्या वर्णनावरून मला कार्डच वाटतंय. १६५० हे एप्रिल २०१९ मधलं, ४ जीबीचं कार्ड. डीएलएसएस (एआयने चित्र मोठं करून फ्रेम वाढवणं) नाही, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणं) नाही, आणि काही नवे गेम तर रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत.

पुढे एसएमपीएस. इथे मी रेंगाळणार आहे, कारण १६५० वापरणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा इथेच निघते. १६५० ची बहुतेक मॉडेलं ७५ वॉटमध्ये, बोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतात. वेगळी वायर जोडावीच लागत नाही. त्यामुळे असेंबल करताना दुकानदाराने कसलाही एसएमपीएस दिला तरी इतकी वर्षं निभावून गेलं. आता कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाच. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असेल, त्याकडे बघू नको. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ. लोकल एसएमपीएसवर तिथे १८ अँपिअर वगैरे सापडतं. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही याच लाइनीवर जगायचंय. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४०-४५ अँपिअर असतो.

९०६० एक्सटी १६ जीबी हे १६० वॉटचं कार्ड. तुझा ३६०० पूर्ण जोरात ८८ वॉटपर्यंत घेतो. वर बोर्ड, पंखे, एसएसडी. शिवाय कार्डाची वीज क्षणभरासाठी सांगितलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळते, आणि लोकल एसएमपीएस नेमका त्याच क्षणी बंद पडतो. नशीब वाईट असेल तर जाताना बोर्डही घेऊन जातो. तेव्हा नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र), पाच वर्षांची वॉरंटी असलेला ५५० वॉटचा एसएमपीएस घे. चार-साडेचार हजार धर. त्यात कार्डाला वीज देणारी ६+२ पिनची वायर थेट एसएमपीएसमधून येणारी हवी. हार्डडिस्कच्या मोलेक्स वायरीवरून ८ पिन करून देणारा कन्व्हर्टर दुकानदार शंभर-दीडशेत देईल. तो लावू नको. ती वायर तापून वितळलेली मी पाहिली आहे.

घरी यूपीएस असेल तर तोही तपास. घराघरांत जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो प्रत्यक्षात ३६० वॉटचा असतो. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर एकदम भरात असले तर भिंतीकडून घेतली जाणारी वीज याच्या वर जाऊ शकते. मग लाइट गेल्यावर यूपीएसने आधार द्यायचा सोडून तो ओव्हरलोडचा आवाज करत पीसी बंद करतो. लगेच नवा घे असं नाही, पण गेम चालू असताना लाइट गेली तर काय होईल ते माहीत असू दे.

आता हेच कार्ड का. तुझ्या बोर्डावर कार्डासाठी पीसीआयई ३.० हा जुन्या पिढीचा स्लॉट आहे. ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं बोर्डाशी आठच लेनने (डेटा ये-जा करायच्या वाटांनी) जोडलेली आहेत. नव्या बोर्डावर त्याचा त्रास नाही, पण ३.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला ८ जीबीच्या आसपास वाट. मेमरी पुरत असेल तोवर फारसं कळत नाही. ८ जीबी भरून डेटा साध्या रॅमकडे ये-जा करायला लागला की हीच अरुंद वाट नडते आणि फ्रेम मधूनच कोसळतात. म्हणजे ८ जीबीचं, आठ लेनचं कार्ड जुन्या बोर्डावर, ही जोडी तुझ्यासाठी सगळ्यात वाईट. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, आणि १६ जीबी मेमरीमुळे ती वेळच क्वचित येते.

८ जीबीचं कार्ड घेऊन पाचेक हजार वाचवावेत असं वाटेल. आरएक्स ४८० हे ८ जीबी मेमरीचं कार्ड २०१६ मध्ये २३९ डॉलरला मिळत होतं. त्यानंतर इतक्या वर्षांनी, नवीन गेम आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करणं) दोन्ही मेमरी मागत असताना, पुढची चार-पाच वर्षं काढायला ८ जीबी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेक्स्चरची गुणवत्ता कमी केली की आज चालतं, पण तू आजच्यासाठी घेत नाहीयेस.

इंटेलच्या बी५८० बद्दल कुणीतरी सांगेलच: १२ जीबी, २४९ डॉलर. कार्ड चांगलं आहे, पण त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो आणि ३६०० सारख्या प्रोसेसरबरोबर ते चाचण्यांमध्ये बरंच मागे पडतं. नवा प्रोसेसर असता तर मी विचार केला असता.

ब्लेंडरचा मुद्दा खरा आहे. सायकल्स रेंडरमध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स एएमडीच्या एचआयपीपेक्षा पुढे आहे, आणि इतर थ्रीडी किंवा एआयची बरीच साधनं तर एनव्हिडियाचं कुडा धरूनच बनलेली असतात. तू ‘अधूनमधून’ लिहिलंयस म्हणून ९०६० एक्सटी म्हणतोय, त्यावर ब्लेंडर चालतं. ब्लेंडर हेच पुढे पोट भरण्याचं काम करणार असशील तर ५०६० टीआय १६ जीबी. जाहीर किंमत ४२९ डॉलर, आपल्या हिशोबाने ४५,५६० रुपये. आठ लेन असल्या तरी १६ जीबीमुळे त्यांचा त्रास कमी. पण ते तुझ्या बजेटच्या बाहेर आहे, आणि फक्त ‘कदाचित’साठी कर्ज काढू नको.

पैशांचं गणित असं बसतं: कार्ड ३७ ते ३९ हजार, एसएमपीएस साडेचार हजार, जुनं १६५० विकून चार-पाच हजार परत. कार्ड ३९ च्या आत मिळालं तर घेऊन टाक. कुठेच मिळालं नाही तर ८ जीबीवर उतरू नको. तेव्हा दुसरा रस्ता: ओळखीतल्या कुणाकडून बिलासकट सेकंडहँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. १६ लेन, कुडा, डीएलएसएस, ब्लेंडरला उत्तम. नोकरी लागेपर्यंतची दोन वर्षं ते आरामात काढेल. वॉटेज १७०, म्हणजे एसएमपीएस तरीही बदलायचाच.

सेकंडहँड घेताना कार्ड चालू पीसीमध्येच बघायचं, टेबलावर ठेवलेलं नाही. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून नाव, मेमरी आणि शेडरची (कार्डातल्या छोट्या गणिती भागांची) संख्या जुळते का ते बघ. मेमरी १२ जीबीच हवी, कारण ३०६० चं ८ जीबीचंही मॉडेल आहे आणि ते बरंच हळू आहे. जुन्या जीपीयूवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं फिरत असतात, त्यातली बरीच हे सॉफ्टवेअर ओळखतं. आरएक्स ५८० म्हणून विकली जाणारी खूप कार्डं ‘२०४८एसपी’ निघतात. खऱ्या ५८० ला २३०४ शेडर असतात. मग वीस मिनिटं जड गेम किंवा बेंचमार्क चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावर ठिपके येतात का ते बघ. मागच्या प्लेटचे स्क्रू झिजलेले असतील तर कार्ड कधीतरी उघडलंय. का उघडलं, ते विचार. आतली थर्मल पेस्ट बदलली असेल तर वाईट नाही, रिपेअर केलं असेल तर सोडून दे. सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपास.

हे वाचणारे इतरही असतील, त्यांच्यासाठी थोडं. फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक खेळत असाल आणि १६५० किंवा १०६० वर काम भागत असेल, तर थांबा, मनापासून थांबा. जीटीएक्स १०६०, १०५० टीआयवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. ३०६० टीआय, ६७०० एक्सटी किंवा त्यापुढचं कार्ड असेल तर चाळीस हजारांत मिळणारी वाढ पैसे वसूल होण्याइतकी नाही, पुढची पिढी येऊ द्या. ज्यांना अख्खा पीसीच नवा करायचाय त्यांची परिस्थिती सध्या सगळ्यात अवघड, कारण डीडीआर५ रॅमचाही भाव चढलाय. जुन्या एएम४ (तुझ्या बी४५० सारख्या) बोर्डात बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स बसवणं आणि डीडीआर४ रॅम तशीच ठेवणं हा मला सध्याचा सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. तुलाही वर्षभराने हेच करता येईल.

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र थांबू नये. नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतात आणि ते फुटेज जुन्या एनव्हिडिया कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून टाइमलाइन रडते. ५० सिरीजला ते येतं. पण त्याआधी बघा: तुमचा प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा पुढचा आणि नावात ‘एफ’ नसलेला असेल, तर एच.२६५ मधलं असं फुटेज त्याचं आतलं ग्राफिक्सच उलगडू शकतं. बायोसमध्ये ते बऱ्याचदा बंद असतं, चालू करून आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती ते वापरते का हे पाहून मग कार्डाचा विचार करा. जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नावावर घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

कुठून घेऊ, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच. मुंबईला येणं होणार असेल तर लॅमिंग्टन रोडला तीन-चार दुकानांत भाव काढ, आणि त्याच दिवशी ऑनलाइन भावही बघून ठेव. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ असं कुणी म्हटलं तर नमस्कार करून पुढे जा, कारण वॉरंटीच्या वेळी बिल लागतं. दिवाळीच्या सेलसाठी थांबायचा मोह होतो. बँकेच्या कार्डावरची सूट खरी असते, पण सेलच्या आधी महिनाभर त्या कार्डाचा भाव काय होता ते माहीत असेल तरच ती किती खरी हे कळतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्याच माथी येते, तेही धर. अमेरिकेतला मावसभाऊ आणणार असेल तर आधी दोन गोष्टी बघ: तिकडचा जाहीर भाव करांशिवायचा असतो, राज्याचा विक्रीकर वर लागतो, आणि त्या कार्डाची वॉरंटी इथे चालते का. बऱ्याचदा चालत नाही, आणि तीन वर्षांच्या वॉरंटीवर पाणी सोडून तीन-चार हजार वाचवणं मला पटत नाही.

क्रम असा ठेव. आधी एसएमपीएस घेऊन बसव आणि जुन्याच कार्डावर दोन-तीन दिवस चालव, म्हणजे काही गडबड झाली तर दोष कुणाचा यावर वाद राहत नाही. कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत किती जागा आहे ते मोज आणि कार्डाची लांबी कंपनीच्या पानावरून जुळवून बघ. मग कार्ड मागव. खोका उघडताना सील तोडण्यापासून सलग व्हिडिओ काढ, खोका, बिल आणि कार्ड या तिन्हींवरचे सिरियल नंबर एकच आहेत का बघ. जुना ड्रायव्हर डीडीयू या सॉफ्टवेअरने साफ कर, नवा टाक, आणि बायोसमध्ये ‘रिसाइझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू कर. तो पर्याय दिसत नसेल तर तुझ्या बी४५० बोर्डाचा नवा बायोस कंपनीच्या साइटवर असेल. पहिल्याच आठवड्यात रोज तासभर जड गेम चालवून कार्ड ताणून बघ. बदलून मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांचीच असते, त्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या खेपा सुरू होतात. आणि १६५० लगेच विकू नको, ही मुदत संपेपर्यंत घरातच ठेव.